देशाचा एक हात गेला तेव्हा

मित्रांनो, मी शाळेच्या भिंतीसाठी छापलेला एक जुना नकाशा आहे. फिनलंड देशाचा. दोन मोठी माणसे मला दोन टोकांना धरतात तेव्हा कुठे मी नीट उलगडतो. माझ्या कडा झिजल्या आहेत, अंगाला पडलेल्या घड्या आता जात नाहीत आणि पाठीच्या कापडाला उंदरांनी दोन ठिकाणी भोके पाडली आहेत. पण मी पुष्कळ पाहिले आहे. नकाशा फक्त जागा दाखवतो असे तुम्हाला वाटत असेल. खरे तर भिंतीवर टांगलेला नकाशा दिवसभर समोरच्या माणसांकडेच बघत असतो.

माझा जन्म हेलसिंकीतल्या एका छापखान्यात झाला. तेव्हा एकेक रंग एकेका दगडी पाटीवरून कागदावर उतरवत. आधी जमिनीचा पिवळसर रंग उतरला, मग जंगलांचा हिरवा, मग उत्तरेकडच्या डोंगरांचा तपकिरी. निळा सर्वात शेवटी. तो लावणारा कारागीर सारखा कुरकुरत असे, "हा देश आहे की गळकं छप्पर? जिकडे बघावं तिकडे पाणी!" त्याचे काही चुकत नव्हते. माझ्या अंगावर हजारो तळी आहेत. काही इतकी लहान, की निळ्या शाईचा नुसता ठिपका. छापून झाल्यावर मला जाड कापडावर चिकटवले, वर आणि खाली काळे दांडे लावले, आणि मी आगगाडीने हामे प्रांतातल्या हापाकोस्की नावाच्या गावी निघालो.

तिथली शाळा लाकडी होती, लाल रंगाची. मला टांगायला स्वतः कुस्ता राहकोला आले. ते गावातले सर्वात मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना मालक म्हणत असे. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी खिळा साध्या फळीत न मारता जाड खांबात मारला, त्याला लोंबकळून पाहिले आणि म्हणाले, "अख्खा देश लटकणार आहे ह्याच्यावर, बाई. पडायला नको."

बाई म्हणजे हिल्या सारिक्को. गावात मुले आणि मोठी माणसे त्यांना हिल्याबाईच म्हणत. बाईंच्या हातात बर्चच्या झाडाची बारीक काठी असे. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या की माझ्या अंगात जीव येई. "हा देश म्हणजे एक मुलगी आहे," त्या सांगत. "दोन्ही हात वर करून उभी आहे. हा पश्चिमेचा हात, स्वीडन आणि नॉर्वेच्या मधे घुसलेला. हा पूर्वेचा हात, पेत्सामोचा, थेट उत्तरेच्या समुद्रात बुडवलेला. आणि हा खाली तिचा झगा." मग काठी नैर्ऋत्येच्या बेटांवर येई. तिथे ओलांदची माणसे स्वीडिश बोलतात आणि आपला कारभार आपल्या सभेत ठरवतात, हे त्या सांगत. मग एकदम वर, लाप्लंडमध्ये, जिथे सामी लोकांचे रेनडियरचे कळप फिरतात आणि उन्हाळ्यात सूर्य मावळायचा विसरतो.

पश्चिम किनाऱ्यावर मात्र काठी नेहमी थोडी थांबे. "इथे हा नकाशा दरवर्षी थोडा थोडा खोटा होतो," बाई म्हणत. "फार फार पूर्वी ह्या देशावर बर्फाचे डोंगर होते. त्यांच्या भाराने जमीन दबली होती. बर्फ गेला, आणि जमीन अजून हळूहळू वर येते आहे. बोथ्नियाच्या किनाऱ्यावर आज जिथे होडी लागते, तिथे तुमची नातवंडं गवत कापतील."

राज्यकारभाराचा धडाही माझ्यासमोरच होई. मला तो फार आवडे.

"हेलसिंकीत संसद आहे," बाई सांगत. "तिथे दोनशे जण बसतात. त्यांना आपण निवडून देतो. बायका मत देतात आणि स्वतःही निवडून जातात. तुमच्या आया रांगत होत्या तेव्हापासून."

"आणि राजा कुठे बसतो?" एका मुलाने विचारले.

"आपल्याकडे राजा नाही. राष्ट्राध्यक्ष आहेत."

"मग आपल्या शाळेचं छप्पर गळतं ते राष्ट्राध्यक्षांना सांगायचं?"

"नाही. ते गावाच्या परिषदेला सांगायचं. म्हणजे अर्वीच्या बाबांना."

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या अर्वीचे कान लाल झाले. अर्वी हा कुस्तामालकांचा एकुलता एक मुलगा. पुढच्याच आठवड्यात त्याचे बाबा शिडी घेऊन छपरावर चढले, तेव्हा गावाचे सरकार कसे चालते हे मुलांना कायमचे कळले.

अर्वी शाळा सुटल्यावरही माझ्यासमोर रेंगाळत असे. आग्नेय कोपऱ्यातला लादोगा तलाव त्याला फार आवडे. "बाई, ह्याचा पलीकडचा काठ दिसतो का हो?" तो विचारी. "छे, समुद्रासारखाच आहे तो," बाई म्हणत. "मी जाणार बघायला," तो म्हणे. तो असे काही बोलला की माझी छाती फुगे. नकाशाला याहून मोठी शाबासकी कुठली?

मग शेजारच्या रशियाशी लढाई आली. पहिल्या हिवाळ्यात वर्गातले बाक भिंतीला लावून जमिनीवर पेंढा पसरला. कारेलियातून, म्हणजे माझ्या पूर्वेच्या भागातून, घरे सोडून आलेली माणसे त्यावर झोपत. लहान मुले खोकत असत. वसंत येण्याआधी तह झाला. रेडिओवर नव्या सीमेची गावे वाचून दाखवली, तेव्हा हिल्याबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी तळहात माझ्या पूर्वेच्या कोपऱ्यावर ठेवला आणि उरलेल्या देशाकडे बघत राहिल्या. कुणी घरातल्या एका माणसाचा चेहरा फोटोत झाकून बघावा, तसे.

पुढच्या वर्षी पुन्हा लढाई पेटली. आपले सैन्य पुढे गेले, आणि ती माणसे आपापल्या गावी परतली. जळलेल्या घरांच्या उरलेल्या चुलींभोवती त्यांनी नवी घरे उभारली. काही वर्षांनी सारे पुन्हा गेले. या वेळी पेत्सामोही गेले. माझ्यातल्या मुलीचा पूर्वेचा हात तुटला आणि झग्याचा काठ फाटला.

अर्वी तेव्हा सैनिक होऊन लादोगाच्या आघाडीवर होता. त्या दिवसांत पाद्री एखाद्याच्या अंगणात शिरला की शेजारचे लोक टोप्या काढत. काय बातमी आहे हे सांगावे लागत नसे. उन्हाळ्याच्या भर दिवसांत, गवत वाळत घातलेले असताना, पाद्री राहकोलांच्या अंगणात शिरला. अर्वी एका दलदलीत लढताना मारला गेला होता. माघार इतक्या घाईत झाली, की त्याला उचलून आणता आले नाही. गावच्या दफनभूमीत सैनिकांच्या ओळीत त्याच्या नावाचा दगड लागला, पण दगडाखाली कुणी नव्हते.

कुस्तामालक त्यानंतरही शाळेत येत, सरपण पुरेसे आहे का बघत. पण वर्गात आले की ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत. मला त्याचे फार वाईट वाटे. मी काय केले होते?

त्याच शरद ऋतूत इरिन्या वोर्नानेन गावात आली. बरोबर मुलगी वेरा आणि दोरीला एक गाय. गाय घेऊन ती अर्ध्या देशातून पायी आली होती. नवरा पहिल्याच लढाईत गेला होता. सरकारने प्रत्येक मोठ्या शेतकऱ्याच्या घरी अशी कुटुंबे ठेवली होती. इरिन्याच्या वाट्याला राहकोलांची मागची खोली आली. तिने कोपऱ्यात आपल्या देवाची तसबीर लावली आणि शाळेत मुलांसाठी रोजची पेज शिजवायचे काम धरले.

हामेची माणसे शब्द मोजून वापरतात. इरिन्याचे तोंड मात्र दिवसभर चाले. "बाई, तुमच्याकडची माणसं 'हो' म्हणेपर्यंत माझे बटाटे शिजून गार होतात," ती हिल्याबाईंना म्हणाली. बाई लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या.

वेराचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. बाईंनी नव्या मुलांना एकेक करून माझ्यापाशी बोलावले आणि आपापले गाव दाखवायला सांगितले. वेराने लादोगाच्या उत्तर काठावर बोट ठेवले. "लेप्पानिएमी," ती म्हणाली. बोट थंडगार होते.

"ते आता रशियात गेलं!" मागून एक मुलगा ओरडला. "म्हणजे तू रशियन!"

वेरा वळली. "घर रशियात गेलं. मी इकडे आले," ती म्हणाली. "दिसत नाही का?"

बाईंनी घाईघाईने काठी पश्चिम किनाऱ्यावर नेली आणि वर येणाऱ्या जमिनीचा धडा सुरू केला. वेरा मन लावून ऐकत होती. शेवटी तिने हात वर केला.

"बाई, ती नवी जमीन कुणाची असते?"

"ज्याचा किनारा, त्याची. बहुतेक गावाची."

"मग ती आम्हाला देतील? ती तर अजून कुणाकडून घ्यायची नाही ना."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जमिनीचा प्रश्न तेव्हा गावागावांत पेटला होता. संसदेने कायदा केला होता की, घरदार गमावलेल्यांना शेती मिळेल. आणि ती सरकारची, चर्चची व मोठ्या शेतकऱ्यांची जमीन कापून मिळेल. कागदावर हे सोपे होते. पण जमीन कापली जाणार होती ती शेजाऱ्याची.

एके दुपारी इरिन्या वर्गात मुलांना पेज वाढून भांडी गोळा करत होती. मुले बाहेर बर्फात खेळायला गेली होती. कुस्तामालक शेगडी बघायला आले.

"मोजणीवाले येणार आहेत," ते म्हणाले. "ओढ्यापलीकडचं तुझ्या नावावर करू म्हणतो."

"ओढ्यापलीकडे दलदल आहे, मालक."

"चर खणले की शेत होतं. माझ्या आजोबांनी तसंच केलं."

"किती वर्षं लागली त्यांना?"

मालकांनी विचार केला. "मरेपर्यंत खणत होते."

"मग मी पेरू कधी? आणि माझी गाय तिथे चरेल की पोहेल?" इरिन्याने भांडी आदळली. "त्यापेक्षा बोथ्नियाच्या काठी जाऊन बसते, समुद्रातून माझं शेत वर येईपर्यंत!"

"कायदा जमीन द्या म्हणतो. कुठली द्या म्हणत नाही," मालक म्हणाले आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात इरिन्याने गावाच्या परिषदेची निवडणूक लढवायचे ठरवले. बाहेरून आलेली, दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची, एक बाई! गावात कुजबूज झाली. "वर्षभर आमचं खाऊन आता आमच्यावर राज्य करणार," असे कुणी दुकानात म्हणाले. "करू दे की," दुसरा म्हणाला, "निदान सभेत कुणी बोलणारं तरी असेल." डिसेंबरातली निवडणूक शाळेतच व्हायची होती. मतपेटी माझ्याच खाली ठेवायची होती, आणि म्हणून माझा प्रश्न निघाला. जुन्या सीमेचा नकाशा मतदारांच्या डोळ्यांसमोर कसा ठेवायचा? नवा नकाशा मिळत नव्हता, कागदाचीच टंचाई होती. शाळा समितीने ठरवले की, जुनाच दुरुस्त करावा. कसा, ते अध्यक्षांवर सोपवले.

कुस्तामालक आले ते खळ आणि तपकिरी कागद घेऊन. दुपार होती, पण दिवस मावळायला आला होता. हिल्याबाईंनी दिवा लावला. इरिन्या मागच्या बाकावर दुसऱ्या दिवसाचे बटाटे सोलत होती.

"हे काय मालक?" बाईंनी विचारले.

"झाकून टाकतो. गेलेला भाग."

"रेघ ओढली तर पुरेल की. झाकायचं कशाला? माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथून आली आहेत. आपण कुठून आलो हे त्यांना दिसायला नको?"

"रोज बघून काय मिळतं?" मालकांनी कुंचला खळीत बुडवला. "गेलं ते गेलं."

"गेलं ते गेलं, हे मला नका सांगू," मागून इरिन्या म्हणाली. तिने चाकू खाली ठेवला होता. "ते मला चांगलं ठाऊक आहे. माझं घर रशियानं घेतलं. आता तुम्ही त्याच्यावर खळ लावता?"

मालकांनी कागद माझ्या आग्नेय कोपऱ्याशी धरला. मला खळीचा वास आला. त्यांचा हात लादोगाच्या उत्तर काठापर्यंत आला आणि तिथेच अडकला. बाई आणि इरिन्या बघत राहिल्या.

"लेप्पानिएमी," मालक म्हणाले. वर्षभरात माझ्यासमोर उच्चारलेले त्यांचे ते पहिलेच गाव. "ते तुझं गाव ना?"

"हो."

"त्याच्या उत्तरेला दलदल आहे?"

"आहे. मोठी आहे." मग इरिन्याला काहीतरी उमगले. तिचा आवाज एकदम खाली आला. "मालक, अर्वी तिथे?"

त्यांनी मान हलवली.

"आणि मी वर्षभर तुमच्या घरात राहते! विचारलं का नाहीत?"

"भीती वाटली," कुस्तामालक म्हणाले. "वाईट जागा आहे असं म्हणालीस तर?"

ते पहिल्या रांगेतल्या लहान मुलाच्या बाकावर बसले. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. इरिन्या उठून त्यांच्याजवळ आली. त्या दोघांमधले हे पहिले बोलणे असावे, ज्यात इरिन्या सावकाश बोलत होती.

"वाईट नाही, मालक. खोटं सांगत नाही. एका बाजूनं पाइनचं जंगल आहे. वसंतात क्रौंच येतात, इतके की सकाळी झोपू देत नाहीत. उन्हाळ्याच्या मध्याला सगळी दलदल पिवळी होते, मुरंबा करतो त्या रानफळांनी. आम्ही बायका टोपल्या घेऊन दिवसदिवस तिथेच असायचो. गाणी म्हणायचो. तलावाचा वारा येतो, म्हणून डास कमी."

मालक ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "माती कशी आहे?"

शेतकरी बापाने दुसरे काय विचारायचे?

"काळी आहे," इरिन्या म्हणाली. "मऊ. कुदळ सहज जाते."

हिल्याबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मग मालकांनी डोळे पुसले, कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बाई, लाल शाई आहे का?"

बाईंनी वर्तमानपत्र बघत सीमेवरची गावे एकेक करून वाचली. मालकांनी रेघ ओढली. नांगर धरणारा हात तो, रेघ नांगराच्या तासासारखी सरळ जायला बघे आणि बाई म्हणत, "जरा वळवा मालक, जरा डावीकडे." पेत्सामोचा हात त्यांनी खांद्यापाशी तोडला. लेप्पानिएमी रेघेपलीकडे राहिले. पण दिसत राहिले.

निघताना ते इरिन्याला म्हणाले, "मत मी तुला देणार नाही. आधीच सांगतो."

"मागितलं कुणी?" ती म्हणाली.

निवडणुकीच्या दिवशी माणसे पायांवरचा बर्फ झटकत रांगेने आत येत होती. म्हाताऱ्या बायका, सैनिक, गडी, मालक, सगळे एकाच रांगेत. प्रत्येकाची चिठ्ठी सारखीच लहान आणि पेटीत पडताना सारखाच आवाज करणारी. संसद मी कधी पाहिली नाही, मित्रांनो. पण सरकार म्हणजे काय, ते मी त्या दिवशी माझ्या पायाशी पाहिले. कुस्तामालक निवडून आले. इरिन्याही आली. तिला स्थानिकांपैकी कुणीकुणी मते दिली हे कधीच कळले नाही.

पुढच्या वसंतात जमीन ठरवणारी समिती शाळेत बसली. गावातले शेतकरी होते, विस्थापितांचे प्रतिनिधी होते, मोजणीदार होता. मोजणीदाराने आराखडा पसरला आणि वाचले : राहकोलांकडून वोर्नानेन कुटुंबाला ओढ्यापलीकडची दलदल. सरकार चरांसाठी मदत देईल.

"कुणाची हरकत?" त्याने विचारले.

इरिन्या उठणार, तोच कुस्तामालक उठले. सगळे चकित झाले. मालकाचीच हरकत?

"ओढ्यापलीकडचं नको," ते म्हणाले. "नदीकाठचा निम्मा तुकडा लिहा."

"मालक, ती तुमची सर्वात चांगली जमीन आहे," मोजणीदार म्हणाला. "कायदा तेवढं मागत नाही."

"माझं एक माणूस दलदलीत आहे," कुस्तामालक म्हणाले. "दुसऱ्या कुणाला मी दलदलीत घालणार नाही."

इतके बोलून ते बसले. मोजणीदाराने पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. शेवटी इरिन्याच म्हणाली :

"नदीकाठी दगड फार आहेत, मालक."

"ते फुकट," मालक म्हणाले.

सगळी सभा हसली. मोजणीदाराने नाक शिंकरले आणि तो लिहायला लागला.

मी तुम्हाला सांगणार नाही की, त्यानंतर दोघांचे भांडण झाले नाही. परिषदेत ती दोघे पुढे वर्षानुवर्षे भांडली. रस्त्यावरून, पुलावरून, शाळेच्या नव्या विहिरीवरून. पण दर उन्हाळ्यात, गवत वाळत घालायच्या दिवसांत, इरिन्या फुले घेऊन दफनभूमीत त्या रिकाम्या दगडापाशी जाई. मालकांनी तिला तसे करायला सांगितले नव्हते. बाईंनी पाहिले आणि मला सांगितले. बाई वर्ग रिकामा असला की माझ्याशी बोलत.

मग नवा नकाशा आला. चकचकीत, एका हाताच्या मुलीचा. बाईंनी मला स्वतःच्या हाताने गुंडाळले, फितीने बांधले आणि माळ्यावर ठेवले. तिथे मी फार वर्षे पडून होतो. खालून दरवर्षी नवी मुले पाठ म्हणत. पुढे पुढे आवाज कमी होत गेले. गावातली तरुण माणसे शहरात गेली. शाळा बंद झाली. हापाकोस्कीची परिषद शेजारच्या मोठ्या परिषदेत मिसळली. गावे अशीही नाहीशी होतात, मित्रांनो. लढाई न होता, हात वर करून, ठराव मंजूर होऊन.

शाळा विकताना मला जाळणारच होते. पण वेरा तिथे होती. ती आता पांढऱ्या केसांची निवृत्त शिक्षिका होती, काही वर्षे परिषदेवरही होती. तिने मला गाडीच्या टपावर बांधून वाचनालयात आणले. आता मी तिथल्या भिंतीवर आहे.

माझ्यापुढे लोक थांबतात. काही जण हळूच एखाद्या गावावर बोट ठेवतात आणि निघून जातात. काही जण मात्र मुठी आवळतात. एकदा एक तरुण माझ्यासमोर उभा राहून मित्रांना म्हणाला, "हे सगळं आपलं होतं. परत घेतलं पाहिजे!" वेरा शेजारच्या टेबलावर पेपर वाचत होती. तिने चष्मा काढला.

"मी जाऊन आले तिथे," ती म्हणाली. "सीमा उघडली तेव्हा."

"मग? काय पाहिलंत?"

"आमच्या घराच्या जागी दुसरं घर आहे. दारात एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. बरोबरच्या दुभाष्यानं सांगितलं, तिचं गाव लढाईत जळालं होतं, फार लांबचं. लहानपणी तिला आगगाडीत घालून इथे आणून सोडलं. तिनं मला आत बोलावलं, चहा दिला. मी रडले, मग तीही रडली." वेराने चष्मा पुन्हा लावला. "तिच्याकडून काय परत घ्यायचं, तेवढं सांग म्हणजे झालं."

तरुण पुन्हा माझ्याकडे वळून रेघेपलीकडची नावे वाचू लागला.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. ऊन लागले की माझा रंग उडतो, म्हणून मला खिडकीसमोर टांगू नका. घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत माझ्यासारखा एखादा म्हातारा नकाशा असेल, तर तो चुकीचा झाला म्हणून फेकून देऊ नका. ज्या दिवशी छापला त्या दिवशी तो खराच होता. पण त्याला काठीसारखा उगारूही नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कुणी परिषदेत बसेल, कुणी संसदेत, कुणाच्या हातात मोजणीची पेन्सिल येईल. तेव्हा रेघ ओढण्याआधी एवढेच करा : त्या जागेवर बोट ठेवा, आणि तिथे कोण राहते ते विचारा.